फोटोंत मूळ दिसना

मी मूळची सोलापूरची. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा; आला तर पाटावर बसवायचा, नाही आला तर टँकरची वाट बघायची. उकिरड्यावर कधीमधी पांढऱ्या छत्र्या उगवत, त्यांना आम्ही ‘कुत्र्याची छत्री’ म्हणायचो. तिला चपलेने उडवलं तरी आई हात धुवायला लावायची. चपलेने उडवलं तर हात कशाला, हा प्रश्न घरात कुणी विचारला नाही.

तर अशा मुलीचं लग्न गोव्यात झालं. पहिल्याच पावसात नवरा फोंड्याहून मोल्याच्या बाजूला कामाला गेला होता, तो येताना सागवानाच्या पानांत बांधलेली अळंब्यांची एक पुडी घेऊन आला. पुडी सोडून त्याने स्वयंपाकघरातल्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मोजायला बसला. मोजून झाल्यावर चेहरा पडला: ‘‘शंभर सांगून ब्याण्णव दिली.’’ रस्त्याकडेला बसणारे लोक अळमी वजनावर देत नाहीत, नगावर देतात, हे मला तेव्हा कळलं. भाव विचारला आणि ऐकून मी गप्प बसले. नंतरच्या काही पावसाळ्यांत शंभराला हजाराच्या वरही मोजलेले मी पाहिले आहेत, स्वतःच्याच पर्समधून.

पुस्तकी मराठीत अळंबी. इथे एक असलं तर अळमें, अनेक असली तर अळमीं. आणि नुसतं अळमीं म्हटलं की बाजारात मिळणारी बटण मशरूम कुणाच्या डोक्यात येत नाहीत. अळमीं म्हणजे रोयणीची. रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ. मी पुढे मराठी वळणाने अळमी असंच लिहिते.

ती ब्याण्णव अळमी त्या रात्री संपली आणि मला शिकायचा नाद लागला. विकत घेऊन खाणं वेगळं. हे उगवतं कुठे, आणि हेच ते असं इथले लोक कशावरून ठरवतात, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘काकीला माहीत.’’ काकी म्हणजे त्याची सख्खी काकी. वाळपईच्या पुढे, सत्तरी तालुक्यात, त्यांचं कुळागर (नारळ-सुपारीची बाग) आहे, वर काजूचा डोंगर. वय सत्तर. सत्तरीतली, सत्तरीची.

शिकण्याआधी मी जे केलं ते आधी सांगते, कारण खरा धडा तिथेच मिळाला. २०२१ चा जुलै. आम्ही पर्वरीत राहतो. रात्रभर कोसळून सकाळी जरा उघडीप झाली होती. इमारतीच्या मागच्या हिरवळीवर सात पांढऱ्या छत्र्या. देखण्या, दोन तर वरणाच्या वाटीएवढ्या. वर मध्यभागी तपकिरी खवले, देठाला कडं. मला वाटलं, देव पावला. डोंगर चढायला नको, जळवा नकोत, लिफ्टमधून उतरलं की अळमी. सातही उपटून घरी आणली आणि चार बाजूंनी फोटो काढून काकीच्या सुनेच्या व्हॉट्सअॅपवर पाठवले.

दहा मिनिटांनी काकीच्या आवाजात निरोप आला: ‘‘बाय, फोटोंत मूळ दिसना. खावं नाका.’’

मला राग आला. एवढे स्पष्ट फोटो! पण खाण्याचं धाडस झालं नाही. तोवर बीजाणूंचा, म्हणजे छत्रीतून गळणाऱ्या बीजासारख्या भुकटीचा, ठसा कसा घ्यायचा हे मी वाचून ठेवलं होतं. एका छत्रीचा देठ कापून टाकला. अर्धा काळा, अर्धा पांढरा असा कागद जोडून घेतला, त्यावर छत्री पालथी ठेवली आणि वर स्टीलचा टोप झाकला. दोन रंगांचा कागद यासाठी की पांढऱ्या कागदावर पांढरी भुकटी दिसत नाही. सकाळी टोप उचलला. छत्रीखालच्या पडद्यांची नक्षी कागदावर चक्रासारखी उमटली होती. मळकट हिरव्या रंगात.

रोयणीच्या अळम्यांचा ठसा गुलाबीसर येतो. हिरवा ठसा देणारं ते क्लोरोफायलम मॉलिबडायटीस, हिरवळीवर पावसात हमखास उगवणारं. कोवळं असताना त्याचे पडदे अगदी पांढरे असतात, म्हणून फसायला होतं. मोठं झालं की हिरवट पडतात. ते खाल्लं तर एक ते तीन तासांत वांत्या-जुलाब सुरू होतात आणि माणूस चांगलाच पिळवटून निघतो. त्या कागदाचा फोटो मी काकीला पाठवला नाही. कशाला पाठवू?

पण इथेच एक सांगून टाकते. गुलाबी ठसा आला म्हणजे खायला मोकळं, असं अजिबात नाही. एंटोलोमा नावाचं एक कुळ आहे, त्याचाही ठसा गुलाबी येतो आणि त्यातली काही विषारी आहेत. ठशाचा उपयोग नाही म्हणायला होतो, हो म्हणायला एकट्याने पुरत नाही.

मग काकीकडे रीतसर विनवणी केली की मला घेऊन चला. ती हो म्हणाली, पण दिवस सांगेना. तिचं पंचांग नक्षत्रांचं. मृग म्हणजे नुसता ओलावा, आर्द्रा लागली की डोंगर भिजतो, आणि पुनर्वसु-पुष्याच्या आसपास, मध्ये दोन-तीन दिवस ऊन पडून पुन्हा गडगडाट झाला की मग बघायचं. मी आपली रविवारचा हिशोब घेऊन बसलेली. अळमी कुणाच्या रविवारसाठी थांबत नाहीत. त्या जुलैत दोन रविवार जाऊन रिकाम्या हाताने आले. रिकाम्या म्हणजे एकदा तायकिळा (टाकळा) घेऊन, एकदा फागलां (कर्टोली) घेऊन. काकीच्या घरून रिकामं कुणी येत नाही. ते वर्ष तसंच गेलं.

पुढच्या वर्षी, २०२२ च्या आषाढात, एका बुधवारी सकाळी सहाला फोन वाजला. ‘‘फुटल्यांत. येता जाल्यार आयज यो.’’ फुटली आहेत, येणार असशील तर आजच ये. मी ऑफिसात पोट दुखतंय असं कळवलं (पुढे काय वाढून ठेवलंय याचा विचार करता हे कारण जरा अवलक्षणीच होतं) आणि गाडी काढली. डिचोली, साखळी, होंडा, वाळपई. गोव्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या जागांत वाळपईचं नाव घेतात, आणि त्या दिवशी ते नाव राखायचं असं पावसाने ठरवलं होतं.

काकी तयारच होती. नेसूचं वर खोचलेलं, डोक्यावरून प्लॅस्टिकची खोळ, हातात बांबूची टोकाला तासलेली काठी आणि वेताची पसरट टोपली. मी प्लॅस्टिकची पिशवी आणली होती, ती तिने घरातच ठेवायला लावली. पिशवीत अळमी घामेजतात आणि घरी येईपर्यंत लगदा होतो. पायांना तिने तंबाखू आणि मिठाचं पाणी चोळलं, जळवांसाठी. तरी मला पाच लागल्या. तिला एकही नाही. माझं रक्त सोलापूरचं, जळवांना नवलाईचं वाटलं असेल.

जंगल त्यांच्या घरामागेच सुरू होतं, पण काकी तिकडे वळली नाही. म्हादई अभयारण्याची हद्द त्या बाजूला आहे आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काही काढून आणणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. काकी कायद्याचं नाव घेत नाही. ती म्हणते, तिकडचं तिकडच्यांचं. आम्ही त्यांच्याच काजूच्या भाटात चढलो.

मला वाटलं होतं, ती खाली बघत पांढरं काही शोधत चालेल. ती बघत होती झाडं. अमुक काजूच्या वरच्या अंगाला, तमुक किंदळीच्या मुळाशी. अळमी दरवर्षी त्याच त्या जागी, जवळजवळ त्याच दिवसांत येतात, म्हणून ज्याला जागा माहीत तो धनी. जागा कुणी कुणाला सांगत नाही. काकीने तिच्या सासूकडून चार जागा घेतल्या, दोन स्वतः शोधल्या. मला तिने त्यातली एकच दाखवली. मी सून असले तरी पुतण्याची!

‘‘राव,’’ ती म्हणाली. थांब. मी पाय उचललेला तसाच ठेवला. समोर मला फक्त ओली तांबडी माती आणि काजूची कुजकी पानं दिसत होती. तिने काठीने एक पान बाजूला सारलं. जमिनीला ताऱ्यासारख्या भेगा पडल्या होत्या आणि मधून एक राखाडी टोक वर आलं होतं, पेन्सिल बोथट झाल्यावर होतं तेवढं. मग दुसरं दिसलं. मग एकदम सगळीच दिसली. तीस-चाळीस तरी असतील, माझ्या पायापासून हातभर अंतरावर. काही नुसती टोकं, काही बंद छत्र्या, आणि तिघा-चौघांनी अंग पसरून कडा फाकवल्या होत्या.

वारूळ कुठे होतं? मी विचारलंच. वर उभं वारूळ दिसलं पाहिजे अशी माझी समजूत. दर वेळी दिसत नाही. या वाळव्यांची घरटी पुष्कळदा पूर्ण जमिनीखाली असतात. वर नुसती सपाट माती.

आता ओळख. काकीने मला एक पूर्ण वाढलेलं अळमं दाखवलं आणि हात मागे घ्यायला सांगितलं. आधी डोळ्यांनी बघ. छत्रीच्या मधोमध टोक, मातकट करडं, स्पर्शाला घट्ट. कवच फोडून वर यायला हे टोक बनलेलं असतं. जांभ्याची माती उन्हात दगड होते, पावसात चिकट, ती भेदून यायला काहीतरी हवंच. टोकापासून कडेपर्यंत रंग उजळत जातो, कडा मोत्यासारखी पांढरी आणि उमलताना उभी फाटते. खालचे पडदे दाट, पांढरे, मोठ्यांत किंचित गुलाबी झाक, आणि ते देठाला चिकटलेले नाहीत. देठ आतून भरीव, तोडला तर दोरे निघतात. वास ओल्या पिठाचा.

मी सगळं मनात लिहून घेत होते. काकी म्हणाली, हे सगळं दुसऱ्या कुणाचंही असू शकतं. तिने काठी उलटी धरली आणि देठाच्या बाजूने, अंगठाभर अंतर सोडून, माती उकरायला लागली. उपटायचं नाही. उकरायचं. दहा मिनिटं गेली. देठ खाली जाता जाता जाड व्हायच्या ऐवजी बारीक होत गेला. मातीच्या वर पांढरा होता तो खाली तपकिरी, मग काळपट, शेवटी सुतळीएवढा. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत भरेल एवढा निघाला आणि तरी तुटला, संपला नाही.

‘‘हांगा पांय,’’ काकीने तुटलेल्या टोकावर बोट ठेवलं, मग खाली बोट केलं, ‘‘थंय घर.’’

तेव्हा मला तो व्हॉट्सअॅपवरचा निरोप कळला. वर्षभराने.

त्या घराची गोष्ट मी घरी येऊन वाचली आणि अजून तिचं नवल जात नाही. या वाळव्या शेती करतात. बाहेरून वाळकी पानं, लाकूड चघळून आणतात, पण ते त्यांना नीट पचत नाही. पोटातून तसंच बाहेर टाकतात आणि त्या लेंड्यांचे थर रचून मधाच्या पोळ्यासारखी जाळीदार रचना करतात. तिच्यावर बुरशी वाढते. लाकडातलं कठीण ते ती मोडते, आणि मऊ झालेलं पोळं व वर आलेले पांढरे मणी वाळव्या खातात. असा हा संसार सुमारे तीन कोटी वर्षं चालू आहे. माणसाच्या शेतीला बारा हजारही झाली नसतील. बुरशीचं नाव टर्मायटोमायसेस, रॉजे एम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये दिलेलं. भारतात मिळणाऱ्या एका जातीला पुढे १९७९ मध्ये त्याचंच नाव मिळालं, टर्मायटोमायसेस हेमी. एमचा हेमी कसा झाला? फ्रेंच लोक ह लिहितात आणि गिळतात, शास्त्रीय लॅटिनला गिळता येत नाही.

पावसात ही बुरशी पोळ्यातून एक लांब मूळ वर सोडते आणि जमिनीबाहेर छत्री उघडते. ते मूळ म्हणजेच काकीचा पाय. वाळवी नसेल तर बुरशी नाही. म्हणूनच बटण मशरूमसारखी ही पेंढ्यावर पिकवता येत नाहीत, आणि म्हणूनच ब्याण्णवांना तेवढे पैसे पडतात.

या लांब मुळाला अपवाद आहेत. काही अळमी भाताच्या शितांसारखी बारीक, शेकड्यांनी एका जागी पसरतात. वाळव्यांनी पोळ्याचा चुरा बाहेर आणून टाकलेला असतो, त्यावर ती येतात आणि त्यांना असं लांब मूळ नसतं. काकी ती ओळखते. मी ओळखत नाही, म्हणून मी ती काढत नाही.

काढण्याचे तिचे नियम थोडके. सगळ्यात आधी तीन अळमी सोडायची. ती सातेरीची. गोव्यात सातेरी रोयणीच्या रूपात पुजली जाते, कित्येक देवळांत गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच आहे. तेव्हा काकीच्या लेखी आपण देवीच्या घराच्या छपरावर बसलेलो असतो. पूर्ण उमललेली, कडा फाटलेली अळमीही सोडायची. याचं कारण तिने दिलं की त्यात किडे झालेले असतात. ते खरंच, पण दुसरंही कारण आहे. उमललेल्या छत्रीतूनच बीजाणू पडतात आणि नव्या वारुळातल्या वाळव्या ते बाहेरून गोळा करून आपलं शेत लावतात. बाजारात मागणी नेमकी बंद कळ्यांना, कारण त्या करकरीत लागतात. कळ्या सरसकट खुडल्या तर बीजाणू पडणार कधी? गोवा विद्यापीठात अळम्यांवर वर्षानुवर्षं काम केलेले डॉ. नंदकुमार कामत यावर सतत लिहीत-बोलत आले आहेत. मी ते वाचते, मान डोलावते आणि श्रावण जवळ आला की रस्त्याकडेची पुडी दिसल्यावर गाडीचा वेग कमी होतो. काय करणार?

तिसरा नियम: घरट्यापर्यंत खणायचं नाही. उकरायचं ते बोटभर, पाय कसा आहे एवढं कळेपर्यंत. त्या पहिल्या अळम्याला कोपरभर उकरलं ते फक्त मला दाखवायला, आणि नंतर तिने तो खड्डा मातीने भरून वर पानं सारली.

मग तिने टोपली माझ्याकडे दिली. ‘‘आतां तूं.’’

मी छान जमवत होते. एक, दोन, दहा, वीस. हात बसला की मन सैल पडतं, तसं झालं. घोळक्यापासून जरा खाली, बांबूच्या बेटाकडे, एक एकटंच उभं होतं. पांढरंशुभ्र, बाकीच्यांपेक्षा उंच. मला वाटलं, हे याच घरचं, जरा लांब फुटलंय. पाऊस वाढला होता. मी ते देठाला धरून खसकन ओढलं आणि टोपलीत टाकलं.

काकी वरून बघत होती की काय कोण जाणे. खाली आली, टोपलीत हात घातला आणि नेमकं तेच उचललं. देठाचं टोक बघितलं. ‘‘हाचो पांय खंय?’’

पाय जमिनीतच राहिला होता. तिने मला परत त्या जागी नेलं आणि उकरायला लावलं. बोटभर खाली माती मऊ होती आणि त्यात एक पांढरी पिशवी होती, अंड्याचं कवच अर्धं फोडून ठेवावं तशी. मूळ नाही, सुतळी नाही, खाली जाणारं काहीच नाही. देठ त्या पिशवीत बसवल्यासारखा होता आणि मी ओढल्यावर पिशवी खाली सोडून आला होता.

पायाशी अशी पिशवी हे अमानिता कुळाचं लक्षण. या कुळात खाण्यासारखीही आहेत, पण युरोपातली डेथ कॅपही याच कुळातली. तिचं विष शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काही होत नाही, चव चांगली लागते म्हणतात, मग उलट्या-जुलाब होतात, मग एक दिवस बरं वाटतं. त्या बऱ्या वाटण्याच्या दिवसात यकृत निकामी होत असतं. मी उपटलेलं नेमकं कुठल्या जातीचं होतं याने मला काडीचा फरक पडत नव्हता. माझे गुडघे लटपटत होते आणि पावसामुळे ते दिसलं नाही, एवढंच.

काकी ओरडली नाही. तिने टोपली पालथी केली. सगळी. ओल्या पानांवर एकेक अळमं उचलून, पाय बघून, पुन्हा आत. ज्याचा पाय तुटून मागे राहिला होता ते सरळ बाजूला. माझी वीसच्या वर झालेली, त्यातली सहा तिने टाकली. ती सहा खरी रोयणीचीच होती, हे तिलाही दिसत होतं. तरी टाकली. मग तिने स्वतः काढली, आणि घरी निघालो तेव्हा टोपलीत एकेचाळीस होती. उतरताना ओहोळावर तिने मला हात कोपरापर्यंत धुवायला लावले. हात लावल्याने हे विष चढत नाही, पण मी मुकाट्याने धुतले. सोलापूरची आई आठवली.

घरी चुलीजवळ बसून साफसफाई. यातच निम्मा दिवस जातो. अळमी थेट पाण्यात टाकायची नाहीत, स्पंजसारखं पाणी पितात. सुरीने पायाचा काळा भाग कापायचा, देठ खरवडायचा, टोकावरची माती ओल्या फडक्याने पुसायची. मग छत्री उभी फाडायची. हाताने फाडली तर आतले किड्यांचे बारीक बोगदे दिसतात, सुरीने कापली तर दिसत नाहीत. शेवटी हळद-मिठाच्या पाण्यातून झटपट बुचकळून सुपावर पसरायची.

याच वेळी काकीने एका वाटीत पाणी गरम करून त्यात एक अळमं, हळद आणि लसणाची पाकळी टाकली. विषारी असेल तर लसूण काळा पडतो म्हणे. चांदीचं नाणं टाकणारेही आहेत. मी जरा घसा खाकरून सांगितलं की काकी, यात काही तथ्य नाही, डेथ कॅपसोबत लसूण पांढराच राहतो. मला वाटलं ती दुखावेल. ती म्हणाली, तिलाही ते माहीत आहे. सासू करायची म्हणून ती करते, पण लसणावर भरवसा ठेवून तिने आजवर काही खाल्लेलं नाही. मग ते वाटीतलं अळमं तिने मीठ लावून मला दिलं.

मी ते लगेच तोंडात टाकलं नाही, हेही सांगते. आधी तिच्या तोंडाकडे बघितलं.

रांधण्याचे दोन प्रकार केले. चार-पाच अळमी नुसती: खोबरेल तेलात कांदा, हिरवी मिरची, त्यावर फाडलेली अळमी. पाणी घालायचं नाही. ती स्वतःचंच इतकं पाणी सोडतात की कढई भरते. ते पूर्ण आटू द्यायचं, मग मीठ, वर ओलं खोबरं. बाकीच्यांचं तोणाक, म्हणजे भाजक्या वाटणाचा रस्सा. खोबरं आणि कांदा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजायचा, घाई केली तर कडवट होतो. धणे, सुक्या मिरच्या, मिरी, लवंग, दालचिनी, थोडी खसखस वेगळी भाजून सगळं पाट्यावर वाटायचं. काकीकडे मिक्सर आहे, सुनेचा; अळम्यांना पाटा. अळमी आधी परतून, पाणी आटवून, मग वाटण आणि चिंचेचा कोळ, आणि झाकण ठेवून मंद आचेवर चांगली अर्धा तास. अर्धीकच्ची खाऊ नयेत, ही चांगली असली तरी. एकेचाळिसात घरची सहा आणि मी असं भागणार कसं, म्हणून तिने दोन बटाटे घातले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, पणजीच्या हॉटेलात बटाट्यात दोन अळमी घालतात.

श्रावण आठ दिवसांवर होता. श्रावणात इथे घरोघरी शिवराक (शाकाहारी) जेवण, आणि त्या महिन्यात अळम्यांचं तोणाक म्हणजे मटणाची आठवण काढण्याची अधिकृत परवानगी. चावताना तंतू लागतात, कोंबडीच्या मांडीसारखे. रस्सा पोयला (इथल्या पावाला) लागला की बोलणं बंद होतं. मी मात्र तीनच फोडी घेतल्या. कुठलंही रानातलं अळंबं पहिल्यांदा खाताना थोडंच खावं आणि एक न शिजवलेलं बाजूला ठेवावं, म्हणजे काही झालंच तर डॉक्टरला दाखवता येतं. रस्त्याकडच्या पुडीतली पूर्वी खाल्ली होती, पण ही मी स्वतः काढलेली होती. फरक त्यातच होता.

निघताना काकीने पाच अळमी हळदीच्या पानात बांधून दिली. त्यातली चार त्या रात्री नवऱ्याने खाल्ली, कसलीही चौकशी न करता. एक मी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं, मुळासकट.

हे वाचून कुणी टोपली घेऊन एकट्याने डोंगराकडे निघणार असेल तर निघू नये. मी तीन पावसाळे काकीच्या मागे गेले आहे आणि अजून माझी टोपली ती पालथी करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकीचा फोन आला. ‘‘पोट बरें मगो?’’ बरं आहे म्हटलं. दुपारी एकला पुन्हा आला, तोच प्रश्न. संध्याकाळी पाचला तिसरा. जेवून तेव्हा सत्तावीस तास झाले होते. मी फ्रिजमधलं ते एक अळमं काढलं, मूळ कापून कुंडीत टाकलं आणि बाकीचं कांद्याबरोबर अर्धा तास परतून दोन अंड्यांत घालून खाल्लं.